हरकत असल्यास आताच सांगावी

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मुख्य कचेरीतून अधूनमधून परिपत्रकं येतात. गेल्या पावसाळ्यात एक आलं : 'प्रत्येक मंडळीने आपल्या परिसरातील स्थानिक वादकांशी सहकार्य वाढवावे.' मी आमच्या चर्चचा चिटणीस, आणि पोटापाण्यासाठी पंचायत समितीत वरिष्ठ सहायक. परिपत्रक आलं की त्याला भोक पाडून फाइलला लावायचं, यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. पण माणसाला कधीकधी दुर्बुद्धी सुचते. जन्मभर फाइलला लावत आलो, एखादं अमलात आणून पाहावं, असं मला वाटलं.

वाटायला कारणही होतं. आमच्याकडे कीबोर्ड वाजवणारा पोरगा नोकरीसाठी सुरतेला गेला आणि तेव्हापासून आमची उपासना पाळकसाहेबांच्या मोबाइलवर चालली होती. ते चाल लावून मोबाइल माइकसमोर धरत आणि आम्ही मागून गात असू. दुसऱ्या कडव्याला हमखास कोणाचा तरी फोन यायचा. एकदा तो कापताना चुकून उचलला गेला, आणि सगळ्या मंडळीने डोळे मिटून, हात जोडून, पाळकसाहेबांच्या मेव्हण्याची गाडी नवापूरच्या पुढे बंद पडल्याची हकीकत ऐकली. शेवटी दोघातिघांनी 'आमेन'ही म्हटलं. अशात माझ्या काजलचं लग्न ठरलं. मुलगा ब्राह्मणपुरीचा, नाव चंदन. तारीख नाताळानंतरचा शनिवार. एकुलत्या एका मुलीचं लग्न मोबाइलवर लावायला माझं मन तयार होईना.

आमचे शेजारी लोटनआप्पा पाटील यांना दुसऱ्याच्या घरातली कुठलीही अडचण कुंपणापलीकडून दिसते. ते हातात दातवण घेऊन आले.

"उमाकांत, डीजे लाव."

"आप्पा, चर्चमध्ये डीजे कसा लावणार?"

"मंग बँड लाव. आते धनुर्मास शे. आमना लोकेसना लगीन बंद. बठा बँडवाला घर बशेल शेत."

आप्पांचा सल्ला मी सहसा ऐकतो आणि विसरतो. हा मात्र डोक्यात बसला. धनुर्मासात हिंदूंना मुहूर्त नसतो, त्यामुळे बँडवाल्यांना सक्तीची सुट्टी. आम्हाला मुहूर्ताचं बंधन नाही. म्हणजे एकीकडे वादक नसलेली मंडळी आणि दुसरीकडे काम नसलेले वादक. मुख्य कचेरीला सहकार्य म्हणजे याहून वेगळं काय अपेक्षित असणार? त्याच संध्याकाळी मी मोटारसायकल काढून म्हसावदला गेलो.

म्हसावदचा न्यू झंकार ब्रास बँड आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचे मालक भिला मास्तर स्वतः क्लॅरिनेट वाजवतात. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि कोटाखाली घरची लुंगी, अशा वेषात ते बाजेवर बसले होते. मी त्यांना परिपत्रक वाचून दाखवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊसाहेब, लगीन म्हनजे लगीन," ते म्हणाले. "चर्चमा काय आनि मांडोमा काय! आमले वाजाडाशी मतलब."

इथेच मी सावध व्हायला हवं होतं. पण मला त्यांचा आत्मविश्वास आवडला.

दोन गीतं बसवायची ठरली, एक वधू आत येताना आणि एक बाहेर जाताना. तालीम भिला मास्तरांच्या अंगणात. मास्तरांनी गीत एकदा ऐकलं आणि क्लॅरिनेटवर असं वाजवलं की मी चष्मा काढून पुसला. अडचण ताशाची होती. चाल संथ असली की ताशेवाल्याला आपला अपमान होतोय असं वाटायचं. पहिलं कडवं तो कसाबसा सहन करी, दुसऱ्यात त्याची काठी वळवळू लागे, आणि तिसऱ्या कडव्याला वधू येशूच्या आशीर्वादाने चालत नसून कोणीतरी तिचा पाठलाग करतंय असं वाटायला लागे. बघायला आलेल्या शेजारच्या बाया ठेका धरू लागल्या. माझाही पाय हलतोय हे माझ्या लक्षात आलं आणि मी तो थांबवला.

पाळक नवलसिंग यांना मी हे सगळं जरा सौम्य करून सांगितलं. ते विचारी गृहस्थ आहेत. त्यांनी बराच वेळ दाढीवरून हात फिरवला.

"वाद्ये देवाच्या स्तुतीस्तव असावीत," ते म्हणाले. "सिनेमातील चाल नको. बँडची हातगाडी आणि तिच्यावरचे कर्णे आत नकोत. आणि शपथविधीच्या वेळी संपूर्ण शांतता असावी."

ही शेवटची अट मी भिला मास्तरांना कळवली, तेव्हा ते गोंधळले. लग्नात शांतता ही वस्तू त्यांनी आजवर पाहिलेलीच नव्हती.

"सांतता म्हनजे कितला येळ?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाळकसाहेब बोलत असतील तेवढा वेळ. "मंग आमी काय करूत?" मी म्हटलं, बसून राहायचं. हे त्यांनी आपल्या माणसांना तीनदा समजावून सांगितलं, आणि तिन्ही वेळा ती माणसं माझ्याकडे संशयाने बघत राहिली.

पुढचं काम पोलिसांच्या परवानगीचं. सरकारी अर्ज लिहिण्यात माझं आयुष्य गेलं असल्यामुळे मी तो इतका व्यवस्थित लिहिला की तिथेच घात झाला. विषय : 'मंडळीच्या धार्मिक कार्यक्रमात स्थानिक कलाकारांच्या सहभागाबाबत.' खिडकीवरच्या हवालदाराने तो दोनदा वाचला.

"साहेब, लगीन शे का कार्यक्रम?"

"लग्न हा धार्मिक कार्यक्रमच असतो," मी म्हणालो.

"मिरवनूक निंघी का?"

आता 'हो, थोडीशी' असं साधं उत्तर देऊन मोकळं व्हायचं. पण मी वरिष्ठ सहायक. मी म्हणालो, "मिरवणूक नाही. सहकार्य आहे." हवालदाराने मान डोलावली आणि परवानगी दिली : वाद्ये फक्त चर्चच्या आवारात. रस्त्यावर एक ठोका वाजवायचा नाही. मी विजयी मुद्रेने तो कागद घरी आणला आणि रोहिणीच्या हातात दिला.

रोहिणी माझी बायको. तिने कागद वाचला, घडी केली, आणि विचारलं, "मंग मन्हा भाऊ कसा येई?"

हे मी साफ विसरलो होतो. आमची माणसं मूळची सातपुड्यातली, पण दोन पिढ्यांपूर्वी सपाटीवर उतरली आणि इथले रीतिरिवाज त्यांना असे चिकटले की निघता निघत नाहीत. प्रार्थना बदलली, मामाचा मान बदलला नाही. लग्नाला मुलीचा मामा भाचीसाठी साडीचोळी घेऊन येतो, आणि त्याला गावच्या वेशीपासून वाजत-गाजत आणायचं असतं. रोहिणीला एकच भाऊ, फुलसिंग. राहणार कळसाडी. कापूस, थोडा ऊस, आणि भरपूर स्वाभिमान.

"एकच भाऊ शे मन्हा," रोहिणी म्हणाली. "त्याले गुपचूप येवानं सांगशात का?"

मी म्हटलं, फुलसिंग समजूतदार आहे, मी बोलतो त्याच्याशी. हे म्हणताना मला खरोखर तसं वाटत होतं.

फोनवर मी त्याला कायदा समजावून सांगितला. ध्वनिप्रदूषण, परवानगी, आवाराची व्याख्या. माझं संपल्यावर तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "दाजी, तुमना चर्चमा इचारतस ना, कोनले हरकत शे का म्हनीसन?"

विचारतात. आमच्या विवाहविधीत पाळक सगळ्यांसमोर विचारतात की या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्याने आताच सांगावी, नाहीतर कायमचं गप्प राहावं. कोणी कधी काही सांगत नाही. फुलसिंग एकदा एका नातेवाइकाच्या लग्नाला चर्चमध्ये आला होता आणि सगळ्या विधीत त्याला तेवढीच गोष्ट मनापासून आवडली होती.

"मी उभा ऱ्हायसू," तो म्हणाला. "बठासना सामने सांगसू, मामाले मान नही दिधा म्हनीसन. मंग व्हऊ द्या लगीन व्हई ते." आणि त्याने फोन ठेवला.

मी घाबरलो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. आमचे पाळकसाहेब नियमाला पक्के. हरकत आली तर तिची शहानिशा झाल्याशिवाय ते पुढची ओळ वाचणार नाहीत. वऱ्हाड ब्राह्मणपुरीहून आलेलं, जेवणाच्या पंगती मांडलेल्या, आणि माझी मुलगी पांढऱ्या साडीत सगळ्या गावासमोर उभी. लोटनआप्पांना हे कसं कळलं ठाऊक नाही, पण ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, "शालकले दुखाडू नको रे भो. शालक दुखना का घर दुखस." मला हे माहीत होतं, कारण घर दोन दिवसांपासून दुखत होतं. रोहिणी माझ्याशी फक्त मीठ-तिखटापुरतं बोलत होती.

मी तडजोड काढली. परवानगी आवारात आहे ना? मग फुलसिंग फाटकाच्या आत पाऊल टाकेल त्या क्षणी बँड वाजेल. वेस नाही तर नाही, फाटक तर आहे. भिला मास्तर फुलसिंगला ओळखत नव्हते, म्हणून मी वर्णन लिहून दिलं : उंच, मोठ्या मिश्या, डोक्यावर भगवा फेटा, सोबत चार-पाच माणसं, हातात सामान. कार्यालयीन अनुभवामुळे माझं वर्णन अचूक असतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी न्यू झंकार बँड फाटकाच्या आत रांगेत उभा होता. मी आत सतरंज्या बघत होतो. अचानक बाहेर बँड दणाणला. मी धावत गेलो. भिला मास्तर डोळे मिटून क्लॅरिनेट वाजवत उलट्या पावलांनी चालत होते, आणि त्यांच्यासमोर उंच, मिशाळ, फेटा बांधलेला आमचा आचारी येत होता. मागे त्याची चार माणसं, डोक्यावर पातेली. आचाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता की त्याला थांबवणं मला जमलं नाही. इतकी लग्नं त्याने शिजवली, पण वाजत-गाजत आत आणलेला तो पहिलाच. त्या दिवशीची भाजी मात्र अप्रतिम झाली, हे नमूद करतो.

आणि शेवटच्या पातेल्याच्या मागे, काखेत साडीचं गाठोडं घेऊन, रस्ता मिळेल तसा बाजूला होत, फुलसिंग आत आला. तो चर्चच्या दारापाशी पोचला तेव्हा बँड संपला होता आणि वादक चहाला गेले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. रोहिणी पुढे झाली, तिच्याकडेही पाहिलं नाही. आत जाऊन पुरुषांच्या बाजूला अगदी पहिल्या रांगेत बसला आणि गाठोडं मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही हात ठेवले. रोहिणी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आते तुम्हीच दखा." ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

विधी सुरू झाला. काजल आत आली तेव्हा भिला मास्तरांनी गीत इतकं सुंदर वाजवलं की ताशासुद्धा नम्र झाला. पत्र्याच्या छताखाली तो आवाज फिरत राहिला. मुख्य कचेरीने हे ऐकायला हवं होतं असं मला वाटलं, आणि क्षणभर मी फुलसिंगला विसरलो. बँड मागच्या कोपऱ्यात खाली बसला. प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी पुस्तकाचं पान उलटलं.

"या उभयतांच्या विवाहास कोणाची काही हरकत असल्यास," ते म्हणाले, "त्याने ती आताच सांगावी."

फुलसिंगने गाठोडं बाजूला ठेवलं. उभा राहिला. घसा खाकरला. आणि तोंड उघडलं.

त्याच क्षणी मागच्या कोपऱ्यात आभाळ कोसळलं. ढोल, ताशा, दोन ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट, सगळं एकदम. चालही कुठली, तर वरातीत ज्या चालीवर पोरं रस्त्यावर आडवी होतात, तीच. पत्र्यावरची कबुतरं उडाली. फुलसिंगचं तोंड उघडंच होतं, पण त्यातून काय येतंय ते कोणालाच ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने तो चक्रावून खाली बसला. बँड तत्काळ थांबला.

मी लोकांच्या गुडघ्यांवरून उड्या मारत मागे पोचलो. "मास्तर, हे काय?"

"भाऊसाहेब, त्या मानुसले दखं नही का?" भिला मास्तर माझ्यावरच रागावले. "तो भांडाले उठना व्हता. लगीनमा कोनी भांडाले उठना का लगेच वाजाडनं पडस, नही ते पाव्हनासले आयकू जास. मन्हा बापनी शिकाडेल शे. इतला लगीन आमीच निभाडेल शेत."

मला हे ठाऊक नव्हतं. रुसलेले जावई, हुंड्यावरून अडलेले काका, कमी पडलेली जिलेबी, या साऱ्यावर खानदेशात वर्षानुवर्षं बँड वाजत आला आहे आणि आम्हाला वाटत होतं की लोक आनंदात आहेत. पण हा विचार करण्याची ती वेळ नव्हती. "पुन्हा वाजवू नका," मी हात जोडून म्हणालो.

पाळकसाहेब चष्म्यावरून बघत होते. "प्रश्न विचारला गेला, परंतु शांतता लाभली नाही," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे तो पुन्हा विचारणे मला भाग आहे." आणि त्यांनी तो पुन्हा विचारला.

फुलसिंग पुन्हा उठला. मी मागे वळून भिला मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी क्लॅरिनेट मांडीखाली दाबून धरलं होतं, कपाळावर घाम होता. बिचारे खरोखर प्रयत्न करत होते. पण ताशेवाल्याने फुलसिंगच्या मिश्या थरथरताना पाहिल्या, आणि त्याचा संयम सुटला. ताशा सुरू झाल्यावर ढोल कसा गप्प राहील? ढोल सुरू झाल्यावर ट्रम्पेट कसे थांबतील? दुसऱ्या खेपेला आवाज पहिल्यापेक्षा मोठा होता. फुलसिंग उभ्या जागी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघत राहिला. सगळं चर्च त्याच्याकडे बघत होतं. मग तो सावकाश बसला. बँड थांबला.

आता पाळकसाहेबांनी हात वर केला. "सर्व वाद्ये भूमीवर ठेवावीत," ते म्हणाले. वाद्यं खाली ठेवली गेली. ढोलवाल्याने काठ्या माझ्या हातात दिल्या. काजलने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला काहीही करता येत नव्हतं. माझ्या मुलीचं लग्न एका परिपत्रकाने मोडणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

प्रश्न तिसऱ्यांदा विचारला गेला. फुलसिंग उठला. या वेळी इतकी शांतता होती की बाहेर आचारी पळी आपटत होता तेही ऐकू येत होतं.

"पाळकसाहेब, माले सांगनं व्हतं," फुलसिंग म्हणाला. "दाजीनी आचारीले वाजत-गाजत आनं, नि मी सख्खा मामा, पातेलासना मांगे चालत उनू. हाई सांगाले मी उठनू व्हतू."

रोहिणीने पदर तोंडाला लावला.

"पन मी उठनू, नि वाजा सुरू झाया. बसनू, ते बंद झाया. परत उठनू, ते परत सुरू, पह्यलापेक्षा जोरमा." तो सगळ्यांकडे वळला. "येशीपाईन वाजत आनतस तो मान बठा मामासले भेटस. पन देवना घरमा, बठा लोके बशेल, नि वाजा फक्त मन्हाकरता! आसा मान मन्हा बापले नही भेटना, आजाले नही भेटना."

मागे भिला मास्तरांनी खुलासा करायला तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला आणि तो तसाच ठेवला.

"मन्ही काही हरकत नही," फुलसिंग म्हणाला. त्याने गाठोडं उचललं, पुढे जाऊन काजलच्या हातात दिलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जागेवर येऊन बसला. रोहिणी आता रडत होती, आणि रडता रडता माझ्याकडे बघून हसलीही. मला भिला मास्तरांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांच्या पायावर माझा पाय अजून होताच.

पाळकसाहेबांनी सुटकेचा श्वास घेतला आणि पुढची ओळ वाचायला पुस्तक वर धरलं. तेवढ्यात पलीकडच्या रांगेत एक गृहस्थ उभे राहिले. चंदनचे मामा, जान्याभाऊ. बुटके, शांत, सबंध विधीत ज्यांचा आवाजही कोणी ऐकला नव्हता. त्यांनी फक्त सदरा नीट केला आणि वाट बघत उभे राहिले.

"जान्याभाऊ," पाळकसाहेब म्हणाले, "आपली काही हरकत आहे काय?"

"हरकत नही," जान्याभाऊ म्हणाले. "पन मी बी मामाच शे."

ब्राह्मणपुरीचं सगळं वऱ्हाड पाळकसाहेबांकडे बघू लागलं. कळसाडीचे लोकही बघू लागले. पाळकसाहेबांनी एकदा क्रुसाकडे पाहिलं, एकदा जान्याभाऊंकडे. मग चष्मा काढला, पुस्तक मिटलं आणि मागच्या कोपऱ्याकडे मान वळवली.

"वाजाडा, मास्तर."

भिला मास्तर गडबडून उठले. "काय वाजाडू, साहेब? गीत?"

"तेच," पाळकसाहेब म्हणाले. "त्या मामाले जे वाजाडं तेच, नि जितलं वाजाडं तितलंच. एक ठोका कमी नही, एक ठोका जास्ती नही."